सोनाक्काची सून

"आधी हे बघा, मग काय ते बोला," असं म्हणत आप्पासोनं बहिणीच्या डाव्या हाताची बाही वर सारली.

दंडावर काळेनिळे डाग होते. त्यातला एक जुना होऊन पिवळा पडत चालला होता. मनगटाच्या वर भाजल्याची जखम होती आणि तिच्यावर कुणीतरी हळद दाबलेली होती. ज्या बाईचा तो हात, ती मात्र शांतपणे खिडकीकडे बघत बसली होती. शेजारच्या कुणाच्या तरी हाताबद्दल बोलणं चालल्यासारखी.

"सांग की ताई. कुणी मारलं?" आप्पासो तिच्या डाव्या हाताला स्टुलावर बसला होता.

त्रिशलानं त्याच्याकडे पाहिलं नाही. उजवीकडे भिंतीला टेकून तिची सासू उभी होती. त्रिशलाची मान वळली ती सासूकडे. "आत्याबाई, घरला जाऊया की," एवढंच ती म्हणाली.

"बघितलंसा?" आप्पासो ताडकन उठला. "माझ्याकडं मान वळवायची सुद्धा हिंमत न्हाई तिची. तोंड उघडायच्या आधी सासूचं तोंड बघती. एवढं लिहून द्या डॉक्टर. बाकीचं मी आणि पोलीस बघून घेतो."

डॉ. देशिंगकर सरांनी काही लिहून दिलं नाही. "आप्पासो, बसा," म्हणाले. "तुमची बहीण आता माझ्या वॉर्डात आहे. इथं तिला कुणी हात लावणार नाही. सासरच्या माणसांनी दुपारच्या जेवणापुरतंच यायचं. तुम्हीही तेव्हाच या. बाकी वेळ तिला आमच्याकडे राहू द्या."

ही गोष्ट मिरजेची. मी तिथल्या एका इस्पितळात मानसोपचार विभागात शिकाऊ मानसशास्त्रज्ञ होते. औषधं देणं सरांचं काम. माझं काम रुग्णाशी बोलायचं, घरच्यांशी बोलायचं, चाचण्या घ्यायच्या आणि काय दिसलं ते सरांपुढे मांडायचं. नोकरी नवी होती आणि हुरूप पुष्कळ होता.

त्रिशला मगदूम शिरोळकडच्या एका जैन घरातली सून. नवरा भूपाल साखर कारखान्यात होता. लग्नानंतर बरीच वर्षं वाट बघून तिला दिवस गेले आणि पूर्ण दिवसांचं मूल जन्मताच गेलं. त्यानंतर ती हळूहळू मिटत गेली. कामात लक्ष नाही, बोलणं नाही, सकाळी उठली की डोकं धरून बसायची. गावातल्या डॉक्टरांनी टॉनिकं दिली. मग सरांकडे आणलं, सरांनी उदासीवरची गोळी सुरू केली. काही आठवडे गेले, फरक पडला नाही. आणि मग एका सणाला माहेरी गेली असताना भावानं तिचा हात पाहिला.

"बाळ गेल्याचं दुःख, त्यात सासुरवास," मी सरांना म्हणाले. "सगळं जुळतंय, सर."

"जुळतंय खरं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मारल्याच्या खुणा दिसल्या की बहुतेक वेळा मारलेलंच असतं. म्हणून मी तिला ठेवून घेतलं. पण आपल्याला ही एक बाई बघायचीय, बहुतेक बायका नव्हे. गोष्ट इतकी सरळ बसली की मला जरा भीती वाटते. तू सगळ्यांशी बोल. आणि चाचण्या घे, अगदी पहिल्यापासून."

मी सासूपासून सुरुवात केली. सोनाक्का उंच, काटक बाई होती. व्हरांड्यातल्या बाकावर ती पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती आणि तिच्यापासून चार हात दूर भूपाल उभा होता. दोन्हीकडून बोलणी खाल्लेल्या माणसासारखा.

"मी हात न्हाई लावला तिला," सोनाक्का म्हणाली. "बोलले. बोलत न्हाई म्हणून खोटं कशाला सांगू? तोंडानं बोलले."

"काय बोललात?"

"अर्धवट म्हणले. तुमीच सांगा, डोक्याला फणी करती ती एकाच बाजूनं. एकीकडचं केस तसंच झिप्र्यावानी. अशीच दारात येऊन बसती. सांगितलं तर म्हणती, केली की फणी. ताट वाढलं तर भाजी खाती, आमटी वरपती, आन चटणी-कोशिंबिरीला शिवत न्हाई. पैल्यांदा माझ्या हातच्या शेंगाच्या चटणीवर जीव होता तिचा. आता माझ्या हातचं तिला ईख वाटतंय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पोर गेलं ते काय मी मारलं? माझं न्हवतं का ते?"

"आणि हाताला लागलं ते?"

"दारावर आदळती. चालताना बघतच न्हाई. रुसून, पाय आपटत गेल्यावानी जाती. चुलीवर हात भाजला तर हूं का चूं न्हाई. मीच बघितला आन हळद लावली. आता त्यो पोरगा म्हणतो, तुमीच भाजलासा."

मी भूपालकडे पाहिलं. तो म्हणाला, "मी शिफ्टला असतो, बाई. मी बघितलेलं काय न्हाई." आणि आईकडे पाहायचं त्यानं टाळलं. आपल्या आईवर विश्वास ठेवावा की नाही, हे त्या माणसाला ठरवता येत नव्हतं. ते बघवत नव्हतं.

खरं सांगायचं तर माझाही सोनाक्कावर विश्वास बसला नव्हता. दारावर आदळली, जिन्यावरून पडली, चुलीवर भाजली हे सगळं त्याच व्हरांड्यात मी याआधी दोन-तीन सासवांकडून ऐकलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्रिशलाला एकटीलाच बोलावलं. ती टेबलाशी बसली. माझी खुर्ची तिच्या डाव्या हाताला होती. उजवीकडे खिडकी होती आणि खिडकीत कडुलिंब. ती कडुलिंबाकडे बघत माझ्या प्रश्नांची उत्तरं देऊ लागली. मंद, पण नीट. गावाचं नाव, नवऱ्याचं नाव, वार, महिना, सगळं बरोबर.

"घरी कुणी हात उगारतं का तुमच्यावर?"

"न्हाई."

"सासूबाई रागावतात?"

"रागावत्यात की. सासू हाय त्या."

"मग हातावर डाग कसले?"

"कुठलं डाग?" तिनं उजवा हात उचलून पालथा केला, उताणा केला. "न्हाईत की कुठं."

मी ते उत्तर टिपून घेतलं. मार खाणारी बाई खुणा नाकारते, हे मला शिकवलेलं होतं. मग मी आवाज खाली आणून बाळाबद्दल विचारलं.

"गेलं," ती म्हणाली.

"तुम्हाला आठवण येते त्याची?"

ती झाडाकडेच बघत होती. "येत आसंल," म्हणाली.

येत असेल! स्वतःच्या मेलेल्या मुलाबद्दल कुणी असं बोलताना मी ऐकलं नव्हतं. उदास माणसाचा आवाज जड असतो, त्याला बोलताना कष्ट पडतात. हिच्या आवाजाला वजनच नव्हतं. मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं ते इथं.

मग मी आकृत्यांची चाचणी काढली. ती अगदी साधी असते. एकेक कार्ड दाखवायचं आणि त्यावरची आकृती समोरच्या कोऱ्या कागदावर काढायला सांगायची. पहिल्या कार्डावर एक वर्तुळ आणि त्याला उजवीकडून चिकटलेला चौकोन होता. त्रिशलानं पेन्सिल घेतली आणि कागदाच्या उजव्या काठाला एक चौकोन काढला. नुसता चौकोन.

"एवढंच आहे?"

"एवढंच."

दुसरं कार्ड ठिपक्यांच्या ओळीचं. तिनं शेवटचे काही ठिपके काढले, तेही उजव्या काठाला, चौकोनाच्या डोक्यावर. तिसरी आकृती त्यांच्या खाली. चौथीला जागा उरली नाही तेव्हा तिनं ती तिसरीवरच काढली. रेघांत रेघा गुंतल्या, आणि निम्म्याहून जास्त कागद डावीकडे कोरा पडून होता.

उदास माणसं चित्रं बारकी काढतात, कोपऱ्यात काढतात, हे मी पाहिलं होतं. पण आपण लिहितो डावीकडून. कागद पुढे केला की मराठी माणसाचा हात डावीकडे टेकतो. ही उजव्या काठाला अशी चिकटली होती, जणू डावीकडे कडा तुटलेली होती.

मी नवा कागद दिला. "एक मोठं फूल काढा बरं. सूर्यफुलासारखं."

तिनं मधला गोल काढला आणि त्याला पाकळ्या काढल्या. वरपासून खालपर्यंत, उजव्या बाजूनं. मग पेन्सिल ठेवली.

"झालं पूर्ण?"

"झालं की."

त्या 'झालं की'मध्ये खोटेपणा नव्हता, राग नव्हता, कंटाळाही नव्हता. तिच्या लेखी फूल पूर्ण होतं. फणी केली की, असं ती सासूला सांगायची ते मला ऐकू आलं.

मी उठले. खुर्ची उचलली, तिच्या पाठीमागून वळसा घातला आणि खिडकीपाशी, तिच्या उजव्या हाताला जाऊन बसले.

त्रिशलानं माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. वॉर्डात आल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

"हितं व्हय तुमी!" ती म्हणाली. "कवाधरनं नुसता आवाजच येतोय."

सर बाह्यरुग्ण विभागात होते. दारापुढे गर्दी होती. मी कागद त्यांच्यापुढे ठेवले, काय झालं ते सांगितलं, आणि ते समोरच्या माणसाला "जरा थांबा हं बाबा" म्हणून तसेच उठून माझ्याबरोबर आले.

त्यांनी त्रिशलाला आपल्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि दोन्ही हात पसरले. उजवीकडचं बोट हललं की ती सांगायची, हललं. डावीकडचं एकटं हललं तर कधी सांगायची, कधी नाही. दोन्हीकडची एकदम हलवली तर दर वेळी एकच सांगायची, उजवीकडचं. सरांनी तिचा डावा हात उचलून तिच्यासमोर धरला. "हा कुणाचा हात?"

तिनं बराच विचार केला. "तुमचा आसंल," म्हणाली.

बाहेर आल्यावर सर खिडकीच्या गजाला धरून उभे राहिले. "मी हातापायांची ताकद बघितली होती," ते म्हणाले. "बरी होती. एवढी बारकाईनं नाही बघितली. मूल गेलेली बाई समोर होती." मग वळून म्हणाले, "मन दुखावलेलं आहेच. पण मन काही डावं-उजवं बघून दुखत नाही. हे डोक्याच्या उजव्या भागात काहीतरी आहे. आजच फोटो काढून घेऊ मेंदूचा."

पण फोटो काढायला घरच्यांची संमती हवी होती, आणि दुपारी आप्पासो आला तो हातात वकिलाचा पत्ता घेऊनच.

"मेंदूचा फोटो?" तो ओरडला. "म्हंजे आता हिला येडी ठरवणार तुमी? सासूनं जाळायचं आन डोकं हिचं तपासायचं?"

सरांनी त्याला समजावून पाहिलं. मेंदूचा एक भाग बिघडला तर माणसाला एका बाजूचं जगच उरत नाही. डोळा चांगला असतो, हात चांगला असतो, पण त्या बाजूला काही आहे हेच त्याच्या ध्यानात येत नाही. आप्पासो ऐकत होता आणि मान हलवत होता. हे कुणाला पटावं? मलाही पुस्तकात वाचून पटलं नव्हतं.

तेवढ्यात सोनाक्कानं डबा उघडला होता. ती कुणाशी बोलत नव्हती. घरून आणलेलं ताट पुसून तिनं त्रिशलापुढे ठेवलं आणि रीतीप्रमाणे वाढलं. डावीकडे मीठ, शेंगाची चटणी, काकडीची कोशिंबीर, उजवीकडे वांग्याची भाजी आणि आमटीची वाटी, मध्ये भाकरी. त्रिशला भाकरीचा उजवीकडचा तुकडा मोडून भाजीशी खाऊ लागली. भाजी संपली, आमटी संपली. अर्धी भाकरी आणि डावीकडचं सगळं जसंच्या तसं.

"बघितलंसा?" सोनाक्का मला हळूच म्हणाली. "रोज हे आसं."

त्रिशलानं हात थांबवला. "आत्याबाई," ती म्हणाली, "चटणी न्हाई व्हय आणली आज? लई दिवस झालं, तुमी चटणी वाढंना झालाय."

मी पुढे झाले. "आप्पासो, नीट बघा," म्हणाले, आणि ताट जागच्या जागी अर्धं फिरवलं. चटणी-कोशिंबीर उजवीकडे आली, रिकामी वाटी डावीकडे गेली.

"ही काय, हाय की!" त्रिशला म्हणाली आणि दोन बोटांनी चटणी उचलून तिनं जिभेवर ठेवली. मग भाकरी घेतली. भराभर, भुकेल्या माणसासारखी ती खात सुटली. कोशिंबीर खाल्ली, उरलेली भाकरी खाल्ली, चटणीचा शेवटचा कण बोटानं पुसून घेतला.

सोनाक्का रिकाम्या ताटापाशी खाली बसली. "उपाशी ठेवली की गं मी तुला," ती म्हणाली. "अर्धपोटी ठेवली. आन वर अर्धवट म्हणले."

आप्पासो बहिणीच्या डाव्या बाजूला उभा होता, पहिल्या दिवसापासून तो तिथंच बसत आला होता. तो पलंगाला वळसा घालून उजवीकडे आला आणि खाली वाकला.

"ताई?"

"आप्पू!" ती म्हणाली. "कवा आलास रं तू? घरातली सगळी बरी हायत न्हवं?"

दाराशी उभ्या असलेल्या भूपालनं सरांना विचारलं, "सही कुठं करायची?"

फोटोचा निकाल यायला संध्याकाळ झाली. आम्ही सगळे व्हरांड्यातच होतो. सरांनी घरच्यांना आत बोलावलं. उजव्या बाजूला, मेंदूच्या आवरणातून वाढलेली एक गाठ होती, मोठ्या लिंबाएवढी. कर्करोगाची वाटत नव्हती, संथपणे वाढणारी होती. बाळंतपणाच्या आधीपासूनच असणार. पुण्याला नेऊन शस्त्रक्रिया करावी लागेल, धोका आहे, पण आणखी थांबण्यात त्याहून जास्त धोका आहे. सरांनी काहीही लपवलं नाही.

बाहेर आल्यावर सोनाक्का बाकावर बसून राहिली. तिची पिशवी खाली पडली होती, ती तिनं उचलली नाही. ऊन इस्पितळाच्या कुंपणापर्यंत उतरलं होतं. आप्पासो इकडून तिकडे फेऱ्या मारत होता. मध्येच थांबून त्यानं आकाशाकडे पाहिलं आणि झपाझप फाटकाबाहेर गेला. मला वाटलं, गेला तो. पण तो धापा टाकत परत आला, हातात केळी घेऊन.

"मावशी," तो सोनाक्कापुढे उभा राहून म्हणाला, "दिवस मावळायला आलाय. सकाळधरनं तुमच्या पोटात काय न्हाई. आत्ता खाल्लं न्हाई तर उद्या सकाळपतोर उपास घडंल."

सूर्यास्तानंतर ती जेवणार नाही हे त्याला सांगावं लागलं नव्हतं. त्याच्या घरची रीतही तीच होती. सोनाक्कानं त्याच्याकडे पाहिलं. दुपारी हाच पोरगा तिला तुरुंगात घालायला निघाला होता.

"भनीच्या हातावर वळ बघून तू गप बसला आसतास," ती म्हणाली, "तर मी तुला भाऊ म्हणले नसते." आणि तिनं केळं सोलायला घेतलं.

पुण्याची शस्त्रक्रिया नीट पार पडली. पहिल्या आठवड्यात ताप आला, फीट आली, भूपालचे फोन आले की सर जेवण टाकून उठायचे. मग फोन कमी झाले. गाठ सगळी निघाली होती आणि ती साधीच निघाली. डावी बाजू मात्र लगेच परतली नाही. तिला ती पुन्हा शिकावी लागली, मान मुद्दाम वळवायला, डावा हात डोळ्यांनी शोधायला. सोनाक्कानं म्हणे घरात डावीकडच्या भिंतीला लाल पट्टा ओढून घेतला होता, आणि सून दारातून निघाली की ओरडायची, "पट्टा बघ!"

पावसाळा सरल्यावर दोघी मला भेटायला आल्या, सासू-सूनच. त्रिशलाच्या डोक्यावर केस बोटभर वाढले होते आणि त्यावर तिनं पदर घेतला होता. मी सगळ्या चाचण्यांचं सामान काढून ठेवलं होतं. आधीच्या आणि आताच्या आकृत्या शेजारी शेजारी ठेवून बघायची मला घाई झाली होती.

ती आत आली, थांबली, मान सावकाश डावीकडे नेली आणि मला शोधून काढलं. "हितं हाय तुमी," म्हणाली.

मी पहिलं कार्ड उचललं. तिनं पेन्सिल घेतली आणि तशीच धरून ठेवली.

"बाई, एक विचारू?"

"विचारा की."

"मला ते पोर दावलं न्हवतं कुणी. मी बी मागितलं न्हाई. आता रोज मनात येतंय." तिचा आवाज जड झाला, थांबला, पुन्हा निघाला. "कसं हुतं ते, एवढं तरी म्हाईत पाहिजे हुतं. पोरगं हुतं का पोरगी, ते बी मी नीट ऐकलं न्हाई."

मी कार्ड खाली ठेवलं. मला उत्तर माहीत नव्हतं, आणि ते द्यायचं काम माझं नव्हतंही. मी सोनाक्काकडे पाहिलं.

सोनाक्कानं पिशवी जमिनीवर ठेवली आणि खुर्ची सुनेच्या जवळ ओढून घेतली.

"पोरगी," ती म्हणाली. "माझ्या मांडीवर हुती. मीच दुपट्यात बांधली. रंग भूपालचा, पण नाक तुझं. आन बोटं लांब हुती, तुझ्या आईवानी. मी तिला नाव घेऊन हाक मारली, बरं का. कुणाला सांगितलं न्हाई आजपतोर."

"काय नाव?" त्रिशलानं विचारलं.

सोनाक्कानं तिच्या कानात सांगितलं. मग त्रिशला रडली. सासूच्या मांडीवर डोकं ठेवून, हुंदके देऊन, शेजारच्या खोलीतून सर बघायला आले एवढ्या मोठ्यानं रडली. सरांनी दारातून पाहिलं, मला मानेनं 'असू दे' म्हटलं आणि दार ओढून घेतलं.